चौगुले अ. ध.

“माणसाला नंबर फक्त तुरुंगात देतात,” इंदूआत्या म्हणाली आणि माझ्यासमोरचा कीबोर्ड तिनं स्वतःकडे ओढून घेतला. “माझ्याकडे येणारी मुलं-मुली चांगल्या घरची आहेत. त्यांना नावं आहेत.”

मी तेव्हा सांगलीत तिच्याकडे राहत होते आणि एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमिंग करत होते. आत्या शाळेतून निवृत्त झाली आणि विश्रामबागेतल्या घराच्या पुढच्या खोलीत तिनं वधूवर केंद्र काढलं. सुरुवातीला तिला सगळी स्थळं तोंडपाठ होती. तो पिठाच्या गिरणीवाला, हसताना डोळे मिटणारा; ती मिरजेची, उंच, भावाला घाबरणारी. पण केंद्राचं नाव झालं, कपाट फायलींनी गच्च भरलं आणि आत्या गिरणीवाल्याला रसवंतीवाला म्हणू लागली, तेव्हा तिनं माझ्यामागे कॉम्प्युटरचा लकडा लावला.

मी तिला समजावत होते की प्रत्येक नोंदीला एक प्रायमरी की लागते.

“की म्हणजे?”

“किल्ली. अशी खूण, की तिनं एकच नोंद उघडली पाहिजे. दुसरी कुणाची उघडता कामा नये. आणि ती खूण कधी बदलता कामा नये.”

“मग आडनाव, आद्याक्षरं आणि जन्मतारीख घे. मी आयुष्यभर अशीच हजेरी घेतली. कधी चूक झाली नाही.”

मी म्हटलं, नावं बदलतात. तुझा तर धंदाच मुलींची आडनावं बदलायचा आहे. यावर ती हसली, पण बधली नाही. लग्न झालं की पोरगी माझ्या यादीतून बाहेर, म्हणाली. घर तिचं, कॉम्प्युटर तिचा, दोन वेळचं जेवणही तिचंच. मी तिला हवं तसं करून दिलं. तिनं आणखी एक मागणी केली. आधीच नोंदवलेलं माणूस नवी माहिती घेऊन आलं, तर जुन्या नोंदीत ती आपोआप बसली पाहिजे. म्हणून मी पडद्यावर एक प्रश्न घातला: ही नोंद आधीच आहे, नवी माहिती भरायची का? आत्या प्रत्येक वेळी ‘होय’ दाबायची. या धंद्यात नाही म्हणायची सवय लागली की दुकान बंद, असं तिचं मत होतं.

माझं लग्न हा विषय घरात होताच. नांद्र्याहून आई फोन करायची तेव्हा सुरुवात पावसापाण्यानं व्हायची आणि शेवट त्यावर. मी कुणालाच भेटायला तयार नव्हते. कॉम्प्युटरवरची स्थळं मला सगळी सारखीच वाटायची. प्रत्येक मुलगा निर्व्यसनी, प्रत्येकाला वाचनाची आवड, प्रत्येकाला हवी होती अनुरूप आणि मनमिळाऊ.

मग एका रविवारी छपाईचे समास तपासताना मला चौगुले अ. ध. सापडले.

जयसिंगपूर. व्यवसाय, जनावरांचे डॉक्टर. छंद, बासरी, हिमालयात दोनदा जाऊन आलेले, पुरणपोळी स्वतः लाटतात, मोडत नाही. एवढ्यावरच मी खुर्चीत सरळ झाले. म्हशी तपासून आलेला माणूस हात धुऊन बासरी वाजवतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. आणि खाली, जिथं बाकीच्यांचं अनुरूप आणि मनमिळाऊ असायचं, त्या अपेक्षांच्या रकान्यात फक्त एक ओळ होती: ‘तिनं मला ओळखावं. बाकी जमवून घेऊ.’

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग मोठ्यानं वाचली. आतून आत्या विचारायला लागली की काय झालं.

काय झालं होतं ते तिला माझ्याआधी कळलं होतं. चौगुल्यांच्या नावापुढे कितीतरी मुलींनी होकार कळवून ठेवले होते आणि आत्यानं एकही पुढं पाठवला नव्हता. मी जाब विचारला तेव्हा ती डब्यातले शेंगदाणे निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, असलं स्थळ काय परक्याला द्यायचं असतं का.

केंद्राचा नियम होता की दिलेली माहिती फोनवरून एकदा पडताळून घ्यायची. हे काम आत्याचं. त्या आठवड्यात ते मी अंगावर घेतलं.

“चौगुले आहेत का?”

“बोलतोय,” पलीकडून आवाज आला. खोल, संथ, प्रत्येक वाक्य पुरं करणारा. मी बासरीबद्दल विचारलं, तर त्यांनी बासरीला बांबू कुठला लागतो इथपासून सुरुवात केली. हिमालयाबद्दल विचारलं, तर वाटेतल्या एकेका मुक्कामाचं नाव सांगितलं. मी फोन ठेवला तेव्हा कान गरम झाला होता. चांगला माणूस, मनात म्हटलं. जरा लांबण लावतो, पण चांगला.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी काहीतरी निमित्त काढून पुन्हा फोन केला. आवाज तोच, पण माणूस खुलला होता. तालुक्यातल्या एका म्हशीनं मालकिणीचं जरीचं लुगडं निम्मं खाल्लं होतं आणि ते पोटात गेलेलं निम्मं परत मिळेल का हे विचारायला ती बाई दवाखान्यात येऊन बसली होती. मी एवढी हसले की आत्यानं रेडिओ बारीक केला. शेवटी मी विचारलं, आज बासरी नाही का वाजवणार? मग म्हणाले, “बासरी घरात आहे. पण मी आज बोलतो तेवढंच ऐका.”

किती विनयशील, मला वाटलं.

त्यानंतर मी पडताळणीचा कळस केला. सकाळी फोन केला की गंभीर, अभ्यासू चौगुले भेटत. संध्याकाळी केला की खोडकर चौगुले. मी आत्याला सांगितलं, या माणसात केवढी रूपं आहेत. सकाळी ऑफिसला जाताना सायकलवरून मी गुणगुणायला लागले. संध्याकाळचा फोन जास्त आवडतो, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण त्याचं कारण मी वेळेला देत होते. दिवसभर काम करून माणूस संध्याकाळी मोकळा होतो, इतकं साधं.

आत्यानं मग जयसिंगपूरला फोन लावला, त्यांच्या आईंशी बोलली आणि रविवारी दुपारी पोह्यांना बोलावलं. माझ्या आई-बाबांना आत्ताच त्रास नको, आधी आपण बघू, हेही तिनं परस्पर ठरवून टाकलं. मी मोरपंखी साडी नेसले. आरशासमोर उभं राहून मनमिळाऊ दिसायचा प्रयत्न केला आणि स्वतःलाच हसू आलं.

बाहेर जीप थांबली. दार मी उघडलं. पायरीवर चौगुले उभे होते, आणि चौगुल्यांच्या शेजारी चौगुले.

एकाच ताग्यातला आकाशी शर्ट, एकच भांग, एकच नाक. दोघांच्या मध्ये त्यांच्या आई, हातात केळ्यांची फणी. मी बाजूला व्हायचं विसरले. आत्या मागून आली, बघितलं आणि चष्मा काढून पदराला पुसून पुन्हा लावला. तरी दोघंच.

कसेबसे सगळे आत आले, बसले. आत्यानं शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर काढायचा तो आवाज काढला आणि विचारलं, “यातला नवरामुलगा कोण?”

“मी,” दोघंही म्हणाले, आणि एकमेकांकडे बघायला लागले.

त्यांच्या आईंनी, चौगुलेकाकूंनी, केळी खाली ठेवली. त्यांचं म्हणणं, आत्यानं फोनवर ‘चौगुले अ. ध. यांना घेऊन या’ असं सांगितलं. अजितचा अर्ज केंद्रात आधी दिलेला, तेव्हा बोलावणं अजितला असणार असं त्या धरून चालल्या होत्या. अभय फक्त जीप चालवायला आला होता, निदान त्यांच्या समजुतीप्रमाणे. अभयची समजूत वेगळी होती. तो मान खाली घालून म्हणाला की फोनवर आपलं बोलणं झालं होतं म्हणून त्याला वाटलं… त्यावर अजित म्हणाला, फोनवर तर माझं बोलणं झालंय.

अजित धन्यकुमार चौगुले. अभय धन्यकुमार चौगुले. जन्मतारीख एक.

मला आधी हसू आलं का आधी कळलं, हे मी आजही सांगू शकत नाही. मी खुर्चीच्या पाठीला धरून हसत होते आणि आत्या मला डोळ्यांनी दटावत होती. मग मी सगळ्यांना खुर्च्या घेऊन कॉम्प्युटरपाशी बसायला सांगितलं, कारण हे तोंडानं सांगून पटणारं नव्हतं. पडद्यावर ती नोंद उघडली. काय झालं होतं ते सरळ होतं. अजितचा अर्ज आधी आला. त्यानं एकही रकाना सोडला नव्हता. महिनाभरानं काकूंनी अभयचा आणून दिला. आत्यानं आडनाव, आद्याक्षरं, तारीख टाकली. कॉम्प्युटर म्हणाला, हा माणूस माझ्याकडे आहे, नवी माहिती भरू का. आत्यानं ‘होय’ दाबलं. अभयनं जे लिहिलं होतं ते अजितच्या जागी जाऊन बसलं. जे कोरं सोडलं होतं तिथं अजित तसाच राहिला.

“म्हणजे इतके दिवस तू मला जो माणूस दाखवत होतीस,” मी आत्याला म्हणाले, “तो जन्मालाच आलेला नाही.”

“माझी काय चूक? हजेरीत असंच लिहितात.”

“एका वर्गात जुळी आली नाहीत म्हणून निभावलं.”

मी दोन नवीन नोंदी उघडल्या आणि डावीकडे अजित, उजवीकडे अभय असे बसवून एकेक रकाना विचारायला सुरुवात केली. व्यवसाय? अजित कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होता, डॉक्टर अभय. बासरी? अजित. हिमालय? अजित, दोन्ही वेळा. पुरणपोळी? अजित. अभय म्हणाला, मी खातो.

अजितचं पान भरत चाललं. अभयच्या पानावर पांढरी जागा वाढत गेली. मी मध्येच अजितला विचारलं की सकाळच्या फोनबद्दल तुम्हाला काय वाटलं होतं. तो मनापासून म्हणाला की केंद्राचं काम फार चोख वाटलं. इतकी कसून पडताळणी त्यानं कुठल्या नोकरीतसुद्धा पाहिली नव्हती. मी पदरानं तोंड झाकलं.

राहिली अपेक्षा. मी ती ओळ वाचली आणि विचारलं, कुणाची?

“माझी,” अभय म्हणाला.

मग लाल झालेल्या कानशिलांनी तो सांगायला लागला. शाळेत लस टोचायला आले तेव्हा त्याला दोनदा टोचली आणि अजित कोरडाच घरी आला. अजितनं फोडलेल्या काचेबद्दल छड्या यानं खाल्ल्या. कॉलेजात एका मुलीनं याला थांबवून चिठ्ठी दिली, ती अजितसाठी निघाली. “त्यात फार काही खोल नव्हतं हो. लग्न झाल्यावर बायकोनं मला अजित म्हणून हाक मारू नये, एवढंच मागणं होतं.” मग म्हणाला, “तुम्ही बासरीचं विचारलंत तेव्हा मला कळलं की तुमचा घोटाळा झालाय. सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर फोन बंद झाले असते.”

आत्या उगाच पोह्यांवर खोबरं भुरभुरायला लागली. मी पडद्याकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे बघायची सोय उरली नव्हती.

मग काकू बोलल्या. बोलल्या त्या कॉम्प्युटरशीच, मुलांकडे न बघता.

“तान्हे असताना मी एकाच्या पायात काळा दोरा बांधला होता. दोरा असेल तो अजित. एकदा अंघोळ घालताना दोरा सुटून पाण्यात गेला. दोघं पाटावर उताणी, दोघं रडतायत. सासूबाई आत यायच्या आत मी नवा दोरा घेतला आणि हाताला लागला त्याच्या पायात बांधला.”

“अक्का,” अजित आईला म्हणाला, “म्हणजे मी अजित नाही?”

“तेव्हापासून तूच अजित. मी पुन्हा कधी बदललं नाही. नाव काय रे, कुठलंही चालतं. एकदा दिलं की ते त्याचंच राहायला पाहिजे, आणि दुसऱ्याला जायला नको.”

दोघं भाऊ एकमेकांकडे असे बघत होते, जणू आत्ताच ओळख करून दिली होती. मग अभयनं विचारलं, म्हणजे त्या लसी मला बरोबरच टोचल्या असतील का. अजितला आधी हसू फुटलं, मग काकूंना. सगळी खोलीच हसायला लागली. आत्या सगळ्यांत उशिरा हसली, पण हसायला लागली तेव्हा तिला धरून बसवावं लागलं. मला कंपनीत किंवा पुस्तकांतही प्रायमरी की इतकी स्वच्छ कुणी समजावून सांगितली नव्हती.

“दे बाई नंबर,” आत्या डोळे पुसत म्हणाली. “सगळ्यांना दे. मलासुद्धा दे.”

मी दोघांना नंबर दिले. चहा झाला. आत्यानं अजितचं भरलेलं पान वाचलं, अभयचं रिकामं पान बघितलं आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिचा कौल उघड होता. तुला जे जे आवडलं होतं ते सगळं डावीकडं आहे की गं, ती कुजबुजली. बासरी तिकडं, पोळी तिकडं. उजवीकडं काय आहे? नुसत्या म्हशी.

मी काही म्हणायच्या आत बाहेर अभयचा मोबाईल वाजला. समडोळीच्या भूपालआण्णांची म्हैस अडली होती. पहिलटकरीण होती, रेडकाचा एक पाय मागे राहिला होता. अभय उठला, सगळ्यांना नमस्कार केला, माझ्याकडे बघायचं टाळून बाहेर गेला.

“मी जाऊन येते,” मी म्हणाले.

“कुठं?” आत्या.

“त्यांचे रकाने रिकामे आहेत. भरून आणते.”

काकूंनी केळ्यांच्या फणीवर हात ठेवला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं आत्याला पोहे कसे केलेत ते विचारलं. मी मोरपंखी साडी वर खोचून जीपमध्ये चढले. अभयनं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि गाडी सुरू केली.

सांगलीपासून समडोळीपर्यंत मी त्याला प्रश्न विचारले. आवडता पदार्थ? मटकीची उसळ. भीती? उंचीची, हिमालय त्यानं फोटोत बघितला होता. गाणं? येत नाही, पण म्हशींना म्हणून दाखवतो, त्या तक्रार करत नाहीत. राग? लवकर येतो, लवकर जातो, कुठं गेला ते नंतर सापडत नाही. छंद? त्यानं आधी गिअर बदलला. म्हणाला, संध्याकाळी फोनजवळ बसायचा नवीन लागलाय.

मी खिडकीबाहेर बघितलं. दोन्हीकडं ऊस उभा होता आणि माझ्या तोंडावरचं हसू मला आवरत नव्हतं.

भूपालआण्णांच्या गोठ्यात म्हैस उभी थरथरत होती. आण्णा तिच्या मानेशी, त्यांची बायको दारात, चेहरा रडवेला. म्हशीवर त्यांचं घर चालत होतं. अभयनं शर्ट काढून खुंटीला लावला, खांद्यापर्यंत हात धुतले आणि कामाला लागला. फोनवरचा खोडकर माणूस कुठं गेला कळेना. तो म्हशीशी हळू आवाजात बोलत होता, डोळे मिटून आतला पाय चाचपत होता. घामानं त्याची पाठ चमकत होती. पाय सरळ झाला तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि दोरीचं टोक माझ्याकडे फेकलं.

“मी सांगेन तेव्हा. झटका नको. सावकाश.”

“मी कॉम्प्युटरवाली आहे,” मी म्हणाले.

“आज नाही.”

मी ओढलं. आण्णांनी माझ्यामागून ओढलं. म्हशीनं असा हंबरडा फोडला की माझ्याच पोटात कळ आली, आणि मग ते काळं, ओलं, गरम रेडकू धप्पकन सगळं एकदम बाहेर आलं, निम्मं गवतावर आणि निम्मं माझ्या साडीवर. मी मागे आण्णांवर पडले. आण्णा शेणात. रेडकानं शिंक दिली. कुणीतरी हसलं, मग कुणालाच थांबता येईना.

दारात आण्णांची बायको तांब्यानं अभयच्या हातांवर पाणी ओतत होती. मी शेजारी उभी होते, केसांत गवत, साडीची दशा सांगण्यापलीकडची.

अभय साबण चोळत माझ्याकडे न बघता म्हणाला, “हे असंच असतं. रविवारी, दिवाळीत, जेवताना ताटावरून उठून. चालेल?”

“चालेल,” मी म्हणाले.

“काय चालेल?” आण्णांच्या बायकोनं विचारलं.

अभयनं कोपरापर्यंत फेस असलेले हात तसेच हवेत धरले. जगात सगळ्यांच्या आधी त्यानं तिलाच सांगितलं, “आमचं लग्न ठरलं, वहिनी. आत्ताच.”

तिनं तांब्या खाली ठेवला. आत साखर शोधली, मिळाली नाही. चुलीशेजारी म्हशीच्या बाजरीत घालायला फोडून ठेवलेला गूळ होता, त्यातला मोठा खडा उचलून तिनं आधी माझ्या तोंडात घातला, मग त्याच्या. म्हशीनं मान वळवून आमच्याकडे बघितलं. तेव्हा आण्णा म्हणाले की अगं, जिचा गूळ आहे तिलाही दे, आणि उरलेला सगळा तिच्यापुढे ठेवला.